त्या काळ्या झग्याची गोष्ट

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मीही ऐकलं होतं आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत पाळलंही होतं. पण मैत्रिणींनो, दोन वर्षांपूर्वी ती पायरी मला चढावी लागली. तीही कुणा परक्यासाठी नव्हे, तर माझ्या सख्ख्या थोरल्या भावाविरुद्ध साक्ष द्यायला.

हकीकत थोडक्यात सांगते. माझा धाकटा भाऊ अचानक गेला. मागे भावजय आणि दोन लहान मुलं. वडिलांची जमीन दोघा भावांची. माझा हक्क मी लग्नानंतर दोघांच्या नावे रीतसर हक्कसोडपत्र करून सोडून दिला होता, त्यामुळे मला त्यातून काही मिळायचं नव्हतं. पण धाकट्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आतच दादा म्हणू लागला, "त्याची वाटणी बाबा असतानाच झाली होती. त्याने आपला हिस्सा रोख पैशांत घेतला आणि धंद्यात घालवला." हे खरं नव्हतं. बाबा असताना आणि बाबा गेल्यावरही खळं एक होतं, आडतीवरचं खातं एक होतं, कापसाची पट्टी एकाच नावावर यायची. मला ते ठाऊक होतं, तसं गावालाही ठाऊक होतं. पण गाव दादाच्या ओसरीवर चहा पिणारं! शेवटी भावजयीने दावा लावला आणि एक दिवस माझ्या दारात समन्स घेऊन बेलिफ उभा राहिला.

आमचे हे म्हणाले, "जायचं की नाही ते तू ठरव. पण गेलीस तर माहेर तुटेल, हे धरून चाल."

रात्रभर झोप आली नाही. सकाळी डबे भरले, शाळेत रजेचा अर्ज पाठवला आणि मानवतच्या स्टँडवर एस. टी.त जाऊन बसले.

सरतपासणी वकिलांनी आधीच शपथपत्रावर लिहून दिली होती. आता उलटतपासणी व्हायची होती. पुकारा झाला, तशी मी पिंजऱ्यात जाऊन उभी राहिले. समोर उंच चौथऱ्यावर न्यायाधीश. बाई होत्या, आणि वयाने माझ्याहून लहानच. अंगात काळा कोट, गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या, वरून तो घोळदार काळा झगा. पहिल्यांदा मनात काय आलं ते प्रामाणिकपणे सांगते. वाटलं, एवढीशी पोर माझ्या माहेराचा निकाल लावणार? आणि दुसऱ्याच क्षणी त्या झग्याकडे पाहून घशाला कोरड पडली. वर्गात चाळीस पोरांसमोर खणखणीत बोलणारी मी, पण शपथ घेताना आवाज फुटेना.

दादाचे वकील एकामागून एक प्रश्न टाकत होते. "तुमचं भावाशी पटत नाही, खरं ना? होय की नाही, एवढंच सांगा!" मी गोंधळले. तेवढ्यात न्यायाधीश बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. शिपायाला म्हणाल्या, "त्यांना पाणी द्या." मग माझ्याकडे वळून, "सावकाश सांगा. प्रश्न समजला नाही तर समजला नाही म्हणा."

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, ह्या आपल्या बाजूच्या आहेत. पुढच्या तारखेला दादाची साक्ष होती. भावजयीला सोबत म्हणून मी गेले होते. दादाचा आवाज चढला, मग अडखळला. बाईंनी हात वर केला. "त्यांना पाणी द्या. सावकाश सांगा." तेच शब्द, तोच सूर. खरं सांगू? मला त्या क्षणी रागच आला. खोटं बोलणाऱ्यालाही पाणी?

घरी आल्यावर हा राग मी शेजारच्या वकीलीणबाईंकडे काढला. त्या पाटावर बसून नवऱ्याच्या गळपट्ट्यांना तांदळाच्या पेजेची खळ देत होत्या. हसून म्हणाल्या, "अहो, पट्टी दोन्हीकडे सारखी ताठ राहिली पाहिजे. एक बाजू मऊ पडली की सगळा डौल गेला!" त्या खळीबद्दलच बोलत होत्या, पण मला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं.

त्यांच्याकडून मग या पोशाखाची बरीच माहिती कळली, काही मी वाचून काढली. हा झगा आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. पूर्वी इंग्लंडात न्यायाधीशांचे झगे रंगीत असत, ऋतूप्रमाणे बदलत. काळ्या रंगाची एक गोष्ट सांगतात, ती अशी की १६९४ साली राणी मेरी वारली, तिच्या दुखवट्यासाठी कोर्टातल्या मंडळींनी काळे झगे घातले आणि ते पुढे उतरवलेच नाहीत. आपल्याकडे तेराव्याला सुतक फिटतं, इथे तीनशे वर्षं होऊन गेली तरी चालूच! स्वतः इंग्रजांनी मात्र २००८ सालापासून दिवाणी आणि कौटुंबिक कामांत डोक्यावरचे ते पांढरे केसांचे टोप घालणं सोडून दिलं.

वकिलांचा पोशाख आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी ठरलेला आहे. बायकांनी पांढरी, काळी किंवा सौम्य रंगाची, बिननक्षीची साडी नेसली तरी चालते, पंजाबी पोशाखही चालतो, पण काळा कोट आणि पांढऱ्या पट्ट्या हव्यातच. झगा सक्तीचा आहे तो हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात. खालच्या कोर्टांत उन्हाळ्यात वकिलांना काळ्या कोटाचीही सूट असते. आमच्या परभणीकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाला टेकतो, तेव्हा ही सूट ज्याने दिली त्याला दुवा द्यावासा वाटतो. वकीलीणबाई म्हणतात, काळ्या कोटाच्या बगलेतले घामाचे पांढरे डाग काढणं हेच त्यांचं उन्हाळी वाळवणाच्या दिवसांतलं मोठं काम.

आमच्या मराठवाड्यात तर कोर्टाच्या गोष्टीला आणखी एक अस्तर आहे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. कोर्टाची भाषा उर्दू. सासरकडची जुनी माणसं शेरवानी घातलेल्या वकिलांच्या आठवणी सांगत. अजूनही आमच्याकडे तारखेला 'पेशी' म्हणतात. पुढे राज्य बदललं, भाषा बदलली. १९८१ साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, हायकोर्टाचं खंडपीठ आलं आणि अपिलासाठी मुंबई गाठण्याची आमची पायपीट थांबली. माणसं बदलली, कपडे बदलले, पण कोर्टाचा धाक काही गेला नाही.

आणि मानवतला या धाकाची ओळख जरा जास्तच. बाहेरगावी 'मी मानवतची' म्हटलं की पुष्कळजण चमकून बघतात. १९७२ ते १९७४ या काळात इथे बायकांचे आणि कोवळ्या मुलींचे जे खून झाले, त्यांची आठवण लोकांना अजून आहे. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण त्या गोष्टी ऐकतच मी या गावात संसार केला. चावडीवर आणि पाणवठ्यावर लोकांनी आपापले निकाल केव्हाच लावून टाकले होते म्हणे. कोर्टाचं तसं नव्हतं. खटला पायरी पायरीने वर गेला, आणि खाली दोषी ठरलेल्यांपैकी काहीजण वरच्या कोर्टात सुटले. गावात आजही त्यावर वाद होतात. पण पाणवठ्यावरचा निकाल आणि कोर्टातला निकाल यांत फरक आहे, तो पुराव्याचा. हे तेव्हा मला नुसतं कळत होतं. पुढे अंगावर आल्यावर त्याचा अर्थ उमगला.

दादाच्या साक्षीनंतर महिनाभराने माझ्या मुलाला ताप आला. उतरेना, म्हणून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. बाकावर बसले, तर शेजारच्या बाकावर त्याच न्यायाधीश बाई! साधा सुती पंजाबी ड्रेस, केस कसेबसे बांधलेले, मांडीवर तापलेलं मूल. डोळ्यांत रात्रीचं जागरण. झगा नव्हता, चौथरा नव्हता. माझ्यासारखीच एक घाबरलेली आई.

मैत्रिणींनो, तेव्हा मनात काय आलं ते लपवत नाही. भावजयीच्या सहा तोळ्यांच्या पाटल्यांचा प्रश्न दाव्यात होता. दादाने विहिरीच्या कामासाठी त्या मोडल्या होत्या. आईनेच मला तसं सांगितलं होतं. पण आई आता हयात नव्हती आणि चिठ्ठीचपाटी काही नव्हती. वाटलं, आता हीच वेळ आहे. एक आई दुसऱ्या आईला सांगेल. 'ताई, बाळाला काय झालंय?' इथून सुरुवात करायची आणि पाटल्यांवर यायचं.

मी जराशी सरकले. त्यांनी मान वर करून पाहिलं. ओळख पटली असावी, कारण क्षणभर नजर थांबली. मग त्यांनी मूल खांद्यावर घेतलं, पिशवी उचलली आणि उठून दाराजवळच्या दूरच्या बाकावर जाऊन बसल्या. एक शब्द नाही, हसू नाही.

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. एवढा तोरा! घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. रात्री मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवता ठेवता मात्र रामशास्त्री आठवले.

रामशास्त्री प्रभुण्यांची ती गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. पेशव्यांचे ते न्यायाधीश, राहणी अत्यंत साधी. एकदा त्यांच्या पत्नी वाड्यात हळदीकुंकवाला गेल्या. न्यायाधीशांची पत्नी आणि अंगावर दागिना नाही, म्हणून पेशव्यांच्या घरच्यांनी त्यांना भरजरी वस्त्रं नेसवली, दागिन्यांनी मढवलं आणि पालखीतून घरी पाठवलं. रामशास्त्र्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "तुमचं घर चुकलं, या बाई आमच्या नव्हेत." ती बिचारी उलट्या पावली गेली, सगळं उतरवून आपल्या जुन्या लुगड्यात परत आली, तेव्हा दार उघडलं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्या माउलीचीच दया यायची. वाटायचं, तिने काय पाप केलं? आजही थोडं वाटतंच. पण ते दार का लागलं, हे त्या रात्री कळलं. त्या शालूतून आणि पालखीतून वाडा घरात येत होता. आणि उद्या त्याच वाड्यातल्या माणसाचा न्याय करायची वेळ आली तर? तशी ती आलीच. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे हेच रामशास्त्री. १९४४ साली 'प्रभात'ने त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आमच्या सासूबाईंच्या पिढीला तोंडपाठ असे.

रामशास्त्र्यांना काळा झगा नव्हता. त्यांना त्याची गरज नव्हती. पण सगळेच काही रामशास्त्री नसतात. तुमच्या-आमच्यासारख्याच घरांतून आलेली माणसं न्यायाधीश होतात. त्यांना नातीगोती असतात, जात असते, गाव असतं, तापलेलं मूल असतं. झगा त्यांना मोठं करण्यासाठी असतो असं मी समजत होते. आता वाटतं, तो त्यांना झाकण्यासाठी असतो. समोरच्या अडल्यानडल्या माणसाला दिसू नये, की ही कुणाची कोण. आणि घालणारीलाही रोज सकाळी आठवावं, की आत्तापुरतं ते सगळं खुंटीवर. दवाखान्यात त्या बाई दूर जाऊन बसल्या, तेव्हा अंगावर झगा नसूनही त्यांनी तो घातलेलाच होता.

अर्थात कापडात जादू नसते. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत आपले नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश होते. झगे आणि कोट यांमुळे संसर्गाचा धोका वाढू शकतो, म्हणून तेव्हा ते बाजूला ठेवायचं ठरलं. पांढऱ्या साध्या कपड्यांत, गळपट्टी लावून, पडद्यावर कामं चालली. न्याय काही थांबला नाही. आणि जिथे लहान मूल समोर असतं, तिथे कायदा स्वतःच खाली उतरतो. बाल न्याय मंडळात उंच चौथरा नसावा, पिंजरा नसावा, ती खोली कोर्टासारखी दिसूच नये असा नियम आहे. म्हणजे या थाटाने माणूस भेदरतो, हे कायद्यालाही ठाऊक आहे. मग आमच्यासारख्या पहिल्यांदाच पायरी चढणाऱ्या बाईचं काय? तिच्यासाठी चौथरा उतरत नाही. तिथे सगळं त्या झग्यातल्या माणसावर येतं. तो 'पाणी द्या' म्हणणारा असला तर झगा आधार, नाहीतर नुसता बागुलबुवा.

आणि हा झगा बाईच्या अंगावर येण्यासाठी किती वर्षं गेली, तेही सांगायला हवं. आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण बाई म्हणून वकिलीचं दार बंद! पडद्यातल्या विधवांच्या, जहागिरीतल्या बायकांच्या इस्टेटी सांभाळण्याचं काम त्यांनी केलं. बायकांना वकिली करण्याची मोकळीक देणारा कायदा झाला १९२३ साली. आपल्या मुंबई हायकोर्टात पहिल्या महिला न्यायमूर्ती आल्या त्या सुजाता मनोहर, १९७८ साली. पुढे १९९४ मध्ये त्या तिथल्याच मुख्य न्यायमूर्ती झाल्या आणि नंतर सुप्रीम कोर्टात गेल्या. आणि २०२४ साली सुप्रीम कोर्टात न्यायदेवतेची नवी मूर्ती बसवली, ती पाहिलीत का? डोळ्यांवरची पट्टी गेली, तलवारीच्या जागी संविधान आलं, आणि नेसायला चक्क साडी! आमच्या शाळेतल्या मुलींना मी तो फोटो दाखवला, तर एकजण म्हणाली, "बाई, ही तर आपल्यातलीच दिसते."

निकाल लागला. जमिनीत भावजयीचा आणि मुलांचा अर्धा हिस्सा कोर्टाने मान्य केला. पाटल्यांची मागणी मात्र फेटाळली. माझं सांगणं ऐकीव होतं, पुरावा नव्हता. निकालाची नक्कल वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, मला पक्कं ठाऊक होतं! पण मग विचार केला, माझ्या डोळ्यांतल्या पाण्यावर जर पाटल्या मिळणार असतील, तर उद्या दादाच्या पाण्यावर जमीनही जाईल. ज्या पट्टीने आम्हाला दिलं, त्याच पट्टीने नाकारलं. सल आहे, नाही असं नाही. भावजयीचे हात रिकामे दिसतात तेव्हा अजून टोचतं.

त्या दिवसापासून मी माझ्याकडे जरा निरखून पाहू लागले. घरात आपण बायका दिवसाकाठी किती निवाडे करतो! कुणाचं खेळणं, कुणी आधी मारलं, कुणाला पोळीवर जास्त तूप. ना झगा, ना चौथरा. पदर खोचलेला, हाताला कणीक, आणि जो आधी रडला त्याच्या बाजूने निकाल. माझा मुलगा माझ्याच शाळेत आहे, माझ्याच तासाला बसतो. पहिल्या दिवशी त्याने 'आई' अशी हाक मारली आणि वर्ग हसला. तेव्हापासून तो शाळेत मला 'बाई' म्हणतो. सहामाहीत त्याला दोन गुण कमी पडले. घरी येऊन म्हणाला, "तू माझी आई असून दिले नाहीस!" मी म्हटलं, "तिथे मी बाई होते." तो रुसला. संध्याकाळी शिरा केला तेव्हा हसला.

मैत्रिणींनो, तुमच्यावर कधी कोर्टात उभं राहायची पाळी आली, तर त्या काळ्या रंगाला भिऊ नका. घसा कोरडा पडला तर पाणी मागा. प्रश्न कळला नाही तर तसं स्पष्ट सांगा. जे डोळ्यांनी पाहिलं तेच बोला, ऐकलेलं असेल तर ऐकलं म्हणा. आणि कागद! दागिना, पैसा, जमीन, काहीही घरातल्या माणसाला दिलंत तरी चार ओळी लिहून ठेवा. तो अविश्वास नव्हे. पुढे कुणा लेकीसुनेला रिकाम्या हातांनी परत यावं लागू नये, एवढ्यासाठी.

तुम्ही विचाराल, माहेराचं काय झालं? दादा बोलत नाही. गेल्या भाऊबीजेला ताट तयार ठेवून मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. पण त्याने अपील केलं नाही. गावातल्या एकाने सांगितलं, की पारावर कुणीतरी त्याला डिवचलं, "बाईने तुझ्या विरुद्ध निकाल दिला ना?" तेव्हा दादा म्हणाला होता, "दिला. पण माझंही सगळं ऐकून घेतलं तिने. मधे पाणीसुद्धा दिलं."

यंदाही मी ताट करणार आहे.